पंचेचाळीस आले कुठून?

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय पत्रिकेत वाचलात तेव्हा तो शिक्षकांपुरता आहे असं काही जणांना वाटलं असेल. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या गणिताची चाचणी. पण वर्ष-दोन वर्षांनी पेपरात मथळा येतो, ‘पाचवीच्या मुलांना भागाकार येईना’, आणि तो वाचून आपण सगळेच हळहळतो. म्हणजे विषय सगळ्यांचाच झाला. तेव्हा हा मथळा ज्या चाचणीतून येतो त्या चाचणीकडे आज जरा नीट पाहू. एखादं पुस्तक आपण परीक्षणासाठी घेतो ना, तशीच मी चाचणी परीक्षणाला घेतली आहे. तिच्यात चांगलं काय आहे, कमी काय आहे, आणि ती आपण वाचतो कशी, हे पाहायचं आहे.

आधी फळ्यावर एक उदाहरण लिहितो. ६३ वजा २८. उत्तर ३५, हे तुम्ही मनात काढलंही असेल. आता समजा एका वर्गात तीन मुलांनी हे सोडवलं आणि तिघांचंही चुकलं. पहिल्याचं उत्तर ४५. दुसऱ्याचं उत्तरही ४५. तिसऱ्याचं २५. चाचणीच्या कागदावर तिघांपुढेही एकच नोंद होणार: ‘वजाबाकी येत नाही’. पण हे ४५ आले कुठून ते पाहा.

पहिल्या मुलाने एककाच्या घरात पाहिलं, वर ३, खाली ८. त्याला कुणीतरी सांगितलंय की मोठ्यातून लहान वजा करायचं. म्हणून त्याने ८ मधून ३ काढले, ५ लिहिले. दशकात ६ मधून २, चार. झाले ४५. या मुलाला ६३ ही एक अख्खी संख्या दिसतच नाहीये. त्याला शेजारी-शेजारी बसलेले दोन सुटे अंक दिसतायत.

दुसऱ्याने रीतसर हातचा घेतला. ३ चे १३ केले, १३ मधून ८ गेले, ५ उरले. पण ज्या ६ मधून एक दशक उचलला तिथे ५ करायला विसरला. ६ मधून २, चार. पुन्हा ४५. या मुलाला दशक-एकक समजलंय, फक्त हिशेब अर्धवट राहिला. त्याला एवढंच विचारलं की ‘बाळा, तो दशक आणलास कुठून?’ तर बहुधा तो स्वतःच दुरुस्त करेल.

आणि तिसरा? याची गंमत वेगळी आहे. आपल्यातली काही जुनी मंडळी वजाबाकी दुसऱ्या रीतीने करतात. वर तीनचे तेरा करायचे, आणि वरचा सहा तसाच ठेवून खालच्या दोनमध्ये एक मिळवायचा. सहातून तीन गेले, तीन. उत्तर ३५, अगदी बरोबर. आता कल्पना करा, आजीने घरी ही रीत शिकवली आणि शाळेत बाईंनी दुसरी. पोराने दोघींचंही ऐकलं! वरच्या सहाचे पाच केले आणि खालच्या दोनाचे तीनही केले. पाचातून तीन गेले, दोन. म्हणून २५. (हशा) हसू येतं खरं, पण या मुलाला दोन बरोबर रीती माहीत आहेत. त्याला कुणीतरी एवढंच सांगायला हवंय की दोन्ही एकदम वापरू नकोस.

तीन मुलं, तीन दुखणी, आणि औषध एकच: ‘यांना वजाबाकी येत नाही, आणखी वीस उदाहरणं द्या.’ दुसऱ्या मुलाला त्याचा कदाचित उपयोग होईल. पहिल्याचं काय होईल? तो वीस वेळा ‘मोठ्यातून लहान’ करेल आणि त्याची चुकीची रीत पक्की होईल. सराव चुकीचाही होतो, मंडळी. माझ्या आजच्या बोलण्याचं सार हेच आहे. बरोबर उत्तरापेक्षा चुकलेलं उत्तर जास्त बोलतं, आणि आपल्या चाचण्या नेमकं तेच फेकून देतात.

आता ज्या चाचणीचं परीक्षण करायचं तिच्याकडे येतो. ‘असर’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुरू झाली आणि तिच्या कामातून २००५ मध्ये हा पाहणी-अहवाल सुरू झाला. २०१४ पर्यंत तो दरवर्षी निघायचा, नंतर मुख्य पाहणी वर्षाआड होऊ लागली. पाहणी ग्रामीण भागात होते. प्रत्येक जिल्ह्यातली तीस गावं, प्रत्येक गावातली वीस घरं. कार्यकर्ते घरी जातात आणि पाच ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना एकेकट्याला बसवून वाचन आणि अंकगणित तपासतात.

गणिताचा कागद एकच, पाचवीतल्याला तोच आणि आठवीतल्यालाही तोच. त्यावर चार पायऱ्या: १ ते ९ अंक ओळखणं, ११ ते ९९ संख्या ओळखणं, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. मूल ज्या पायरीपर्यंत पोचलं ती त्याची पायरी. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली सुमारे ३४ टक्के मुलं वजाबाकीपर्यंत पोचली होती आणि पाचवीतली सुमारे ३१ टक्के भागाकारापर्यंत. मथळा येतो तो इथून.

टीका करण्याआधी या कागदाचं देणं मान्य केलं पाहिजे. एक तर तो घरी जातो. शाळेत न येणारं मूल शाळेतल्या परीक्षेत कधी मोजलंच जात नाही, ते इथे मोजलं जातं. दुसरं, तो तोंडी आणि एकेकट्याला विचारला जातो. ज्याला प्रश्न वाचता येत नाही त्याचं गणित वाचनापायी बुडत नाही. तिसरं, तो इतका साधा आहे की गावातल्या आईलाही कळतो. तो पाहून ती म्हणू शकते, ‘थांबा, मी विचारून बघते माझ्या मुलीला.’ पटावर नाव आहे म्हणजे शिक्षण झालं, या समजाला या चार पायऱ्यांनी धक्का दिला. आणि ‘प्रथम’ने त्याला शिकवण्याची जोडही दिली: इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे पायरीप्रमाणे गट करायचे आणि तिथून पुढे न्यायचं. हे मोठं काम आहे, आणि ते कमी लेखून मला पुढे जायचं नाही.

तक्रार दोन ठिकाणी आहे. एक, आपण तो कागद वाचतो कसा. आणि दुसरी, तो कागद काय विचारत नाही.

आधी वाचण्याबद्दल. हा कागद तापमापकासारखा आहे. ताप किती हे सांगतो. ताप कशाने आला हे त्याने सांगावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. आपण मात्र ‘पाचवीच्या मुलांना गणित येत नाही’ म्हणतो. कागदावर अपूर्णांक नाहीत, मापन नाही, आकृत्या नाहीत, अंदाज नाही. पाचवीच्या पुस्तकात हे सगळं आहे. म्हणजे भागाकार न येणाऱ्या मुलाला गणितातलं काहीच येत नाही असंही सिद्ध होत नाही, आणि भागाकार आलेल्याला गणित येतं असंही नाही. ८२४ भागिले ८ घ्या. खूप मुलं उत्तर लिहितात १३. आठ एके आठ, मग दोनाला भाग जात नाही, चोवीसला आठ त्रिक चोवीस. मधलं शून्य लिहायचं राहिलं. पाढा येतो, रीत येते, पण उत्तराकडे पाहून ‘हे एवढंसं कसं?’ असा संशय येत नाही. त्यालाच विचारा, ‘आठशे चोवीस रुपये आठ जणांना वाटले, तर प्रत्येकाला तेराच?’ तो तिथल्या तिथे म्हणेल, ‘शंभराच्या वर येतील की!’ मग याला भागाकार येतो म्हणायचं की येत नाही? कागदाच्या चौकटीत या मुलाला जागाच नाही.

आता दुसरी तक्रार, न विचारलेल्या प्रश्नाची. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे २०१९ चे नोबेल मानकरी त्याच्या लेखकांत आहेत. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी १,४३६ मुलं त्यांनी पाहिली. गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडून भाजी वगैरे घ्यायची, आणि हिशेब मुद्दाम अवघड करायचा. म्हणजे कसा, तर समजा ७०० ग्रॅम वांगी ४० रुपये किलोने, दीड किलो कांदे २४ रुपये किलोने, आणि हातात दोनशेची नोट. अठ्ठावीस आणि छत्तीस, चौसष्ट, परत एकशेछत्तीस. असे हिशेब बहुतेक मुलं तोंडी बिनचूक करत होती. त्याच मुलांपुढे शाळेसारखी कागदावरची उदाहरणं ठेवली तर तीन अंकी संख्येला एक अंकीने भागणं सुमारे ३२ टक्क्यांनाच जमलं. आणि उलट? शेजारच्या शाळांतली, बाजाराचा अनुभव नसलेली ४७१ मुलं घेतली. ती कागदावरच्या साध्या उदाहरणांत पुढे होती. पण बाजारातला एक हिशेब असा होता की विक्री करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी तो सोडवला आणि शाळेतल्या मुलांपैकी फक्त एक टक्क्याने.

याचा अर्थ मुलांनी बाजारात बसावं असा कुणी काढू नये. लहान मुलाने शाळेच्या वेळात भाजी विकावी लागणं ही आपल्याला शरम वाटावी अशी गोष्ट आहे. पण दोन्ही बाजूंची मुलं अर्ध्या वाटेवर अडकली आहेत आणि दोघांच्या मधला पूल कुणी बांधलेला नाही, एवढं तरी यातून दिसतं. आणि यात नवीन काय? १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा असाच छोटा अभ्यास झाला होता. तिथे बारा वर्षांच्या एका मुलाला एका नारळाची किंमत ३५ सांगून दहा नारळांची विचारली. शाळेने शिकवलेलं ‘पुढे शून्य द्या’ त्याने केलं नाही. तीन नारळांचे १०५ त्याला पाठ होते. आणखी तीन, २१०. आणखी तीन, ३१५. राहिला एक, ३५०. रीत लांबची, उत्तर बरोबर, आणि प्रत्येक टप्प्यावर आपण काय करतोय हे त्याला ठाऊक होतं.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, थेट औटकीपर्यंत पाढे होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ते पाढे बाजारासाठीच होते. त्या जुन्या शाळेचं कौतुक मला करायचं नाही, छडीही तिथेच होती. पण पाठ केलेला पाढा संध्याकाळी दुकानात उपयोगी पडतो हे मुलाला दिसत होतं. आज ६३ वजा २८ करणाऱ्या मुलाला ‘त्रेसष्ट रुपयांतले अठ्ठावीस दिले, राहिले किती?’ असं विचारलं तर काही मुलं अठ्ठावीसवरून तिसावर जातात, दोन. तिसावरून साठावर, तीस. मग वरचे तीन. पस्तीस. हातच्याचं नाव नाही. वर्गात मात्र पायरी दाखवली नाही म्हणून याचे गुण जातात. बरोबर विचार करणाऱ्याचे गुण कापायचे आणि न समजता रीत गिरवणाऱ्याला पूर्ण द्यायचे, याला तपासणी कसं म्हणायचं?

आता एक अगदी आपला, मराठीचा प्रश्न. कागदावरची दुसरी पायरी म्हणजे ११ ते ९९ संख्या वाचणं. ३५ दाखवलं आणि मूल म्हणालं ‘त्रेपन्न’. चूक. पण चूक कशाची? मराठीत आपण लिहितो दशक आधी आणि बोलतो एकक आधी. पस्तीसमधला पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना तीन आधी येतो. त्यातून एकोणतीस लिहायला सुरुवात दोनाने आणि नावात मात्र तीस. एकोणनव्वदपर्यंत हे चालतं आणि पुढे शंभराच्या अलीकडे अचानक नव्याण्णव! मोठेपणी आपल्याला हे जाणवत नाही, पण सहा वर्षांच्या मुलाला ती शंभर वेगवेगळी नावं आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तीस पाच’ असंही वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित विषय समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांची जोडाक्षरांशी आणि उलट क्रमाशी होणारी झटापट कमी व्हावी, एवढंच त्या सांगत होत्या. चर्चा मात्र मराठीच्या अस्मितेवर गेली आणि विनोदांवर संपली. जुनी नावं जावीत असं मलाही वाटत नाही. माझा प्रश्न तपासणाऱ्याला आहे. ३५ पाहून मूल ‘तीस आणि पाच’ म्हणालं, तर त्याला संख्या कळली की नाही? माझ्या मते कळली, पुष्कळ चांगली कळली. नाव यायचं राहिलंय. आणि ‘पस्तीस’ म्हणणाऱ्या मुलाला त्यात तीन दशक आहेत हे माहीत असेलच असं नाही. नावाची परीक्षा घ्यायची की संख्येची, हे आधी ठरवलं पाहिजे.

‘असर’ ही संस्थेची पाहणी झाली. सरकारच्या चाचण्याही आहेत. केंद्राची राष्ट्रीय संपादणूक चाचणी २०१७ आणि २०२१ मध्ये झाली, आणि ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीसाठी ‘परख’चं सर्वेक्षण झालं. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’मध्ये पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या, आता त्यांचंच नवं रूप नियतकालिक मूल्यांकन म्हणून चालू आहे. २०२१ च्या ‘निपुण भारत’ने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत गणित यावं असं उद्दिष्ट ठेवलं, मुदत २०२६-२७. उद्दिष्टाबद्दल वाद नाही. पण शिक्षकाच्या बाजूने पाहा. उत्तरपत्रिका तपासायच्या, गुण ऑनलाइन भरायचे, तारीख गाठायची. भरायचा तो फक्त आकडा. ज्या उत्तरपत्रिकेत ४५ आणि २५ लिहिलेले असतात, ती गठ्ठ्यात बांधली जाते. वर्गाची सगळ्यात मोलाची माहिती तिथेच संपते. वर आकडा पोचतो, आणि वरून शाळेला प्रश्न येतो: टक्के कमी का?

असा प्रश्न आला की शाळा काय करते हे सांगायला नको. जे विचारतात तेच शिकवलं जातं. चाचणीत वजाबाकी आहे ना, मग रोज वजाबाकी. शाळेची प्रत आकड्यावर ठरायला लागली की आकडा चढवण्याच्या वाटाही निघतात. त्यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याच्याकडून टक्केच मागितले, मूल कसा विचार करतं हे कधी मागितलंच नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लाखो मुलांची पाहणी करायची, कार्यकर्ते दोन-तीन दिवसांत तयार करायचे, तिथे प्रत्येक मुलाचा विचार कोण लिहीत बसणार? बरोबर आहे. मोठ्या पाहणीचं काम वेगळं, वर्गातल्या तपासणीचं वेगळं. राज्याला तापमापक हवा, वर्गाला वैद्य हवा. गडबड होते ती तापमापकालाच वैद्य समजल्यामुळे. पण मोठ्या पाहणीतही एक गोष्ट फारशा खर्चाशिवाय जमेल. खूण करताना मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं टिपायचं. ‘चूक’ लिहिण्याऐवजी ‘४५’ लिहायचं. एका जिल्ह्यात वजाबाकी चुकलेल्यांपैकी बहुतेकांचं उत्तर जर ४५ च्या जातीचं निघालं, तर त्या जिल्ह्यातल्या शिक्षक प्रशिक्षणात काय घ्यायचं हे आपोआप कळेल. नुसत्या टक्क्यांतून ते कधीच कळणार नाही. आणि चार पायऱ्यांच्या शेजारी एक तोंडी व्यवहाराचा प्रश्न लहान मुलांनाही हवा. २०१८ मध्ये ‘असर’नेच चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना वेळेचे, सवलतीचे, खरेदीचे प्रश्न विचारले होते. म्हणजे हे त्यांना अशक्य नाही.

वर्गातलं काम मात्र शिक्षकाचं, आणि त्यासाठी त्याला वेळ मिळाला पाहिजे. आठवड्याला दोन-तीन मुलांना जवळ बसवून ‘हे कसं काढलंस ते मला सांग’ एवढंच विचारायचं. उत्तर बरोबर असलेल्यालाही विचारायचं, नाहीतर ‘कसं काढलंस’ म्हणजे ‘चुकलास’ असं मुलं चटकन ओळखतात आणि पाटी पुसायला घेतात. जे कळेल ते शिक्षकाच्या वहीत राहू दे. कृपा करून ते पोर्टलवर मागू नका. मागितलंत की त्याचाही रकाना होईल, आणि रकाना भरण्यापुरतंच ते उरेल.

इथे पालक मंडळीही बरीच आहेत. चाचणीचा कागद घरी आला की आपली नजर आधी कुठे जाते? वरच्या कोपऱ्यातल्या गुणांवर. पुढच्या वेळी जरा खाली या. चुकलेलं एक उदाहरण घ्या, उत्तर झाका, आणि मुलाला म्हणा, ‘मला शिकव बरं हे कसं करतात ते.’ रागावू नका, मध्ये टोकू नका. दोन-तीन मिनिटांत तुम्हाला जे कळेल ते गुणपत्रिकेत कुठेच लिहिलेलं नसतं. आणि पालकसभेत बाईंना ‘किती मिळाले’ विचारण्याऐवजी ‘माझा मुलगा चुकतो ते कुठे?’ असं विचारा. ज्या बाईंना याचं उत्तर देता येतं त्यांनी तुमच्या मुलाची चाचणी खरोखर घेतली आहे. ज्यांना देता येत नाही, त्यांना त्यासाठी वेळ मिळावा म्हणून आपण सगळ्यांनी बोललं पाहिजे, कारण एकट्या बाईंच्या बोलण्याने तो मिळणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.